बेळगावच्या बाजारातली पैशांची बोली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून बेळगाव, खानापूर किंवा निपाणीला राहायला आलेली मंडळी, इथे नव्याने नांदायला आलेल्या सुना, होस्टेलवर राहणारी मुलं आणि आजोबांचं बोलणं अर्धवट कळणारी आमचीच शाळकरी पोरं, या सगळ्यांचे पैशांविषयीचे प्रश्न साधारण सारखे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे फसगत होते आणि खिशाला चाट बसते.

दुकानदार "रोक्क" म्हणतो. म्हणजे रोखच पाहिजे, असं ना?

नाही. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाचा होतो. मराठीत रोख म्हणजे उधारीच्या उलट, हातात मोजून दिलेली रक्कम. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये मात्र "रोक्क" म्हणजे सरळ पैसे. "रोक्क कोड्री" म्हणजे "पैसे द्या". ते तुम्ही फोनवरून दिले तरी चालतात, उद्या दिले तरी ते रोक्कच.

बेंगळुरू-म्हैसूरकडे याच पैशाला "दुड्डु" म्हणतात. बेळगावात कोणी दुड्डु म्हणालं की बहुधा तो माणूस तिकडचा असतो, नाहीतर कन्नड तिकडे शिकलेला असतो. गोव्याच्या कोकणीतही "दुडू" आहे आणि गोवा इथून लांब नाही. म्हणून खानापूरच्या बाजारात एकाच सकाळी पैसे, रोक्क आणि दुडू असे तीनही शब्द कानावर पडू शकतात. घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी "पैका" अजून आहे. खिसा रिकामा असेल तर "खडकू नाही" म्हणायचं, हे सगळ्या महाराष्ट्रासारखंच.

भाजीवाल्या अक्का कन्नडमध्ये भाव सांगतात. निदान किती आकडे यायला हवेत?

दहा ते शंभरचे दशक आणि शंभर ते हजारचे शेकडे एवढे आले तरी बाजार निभावतो. हत्तु दहा, इप्पत्तु वीस, मूवत्तु तीस, नलवत्तु चाळीस, ऐवत्तु पन्नास, अरवत्तु साठ, एप्पत्तु सत्तर, एंबत्तु ऐंशी, तोंबत्तु नव्वद, नूरु शंभर, साविर हजार. बोलताना शेवटचा उकार गळतो, त्यामुळे कानावर "इप्पत्त", "नूर" असंच येतं.

घोळ तीन ठिकाणी होतो आणि ते पाठच करावेत.

पहिला, इप्पत्तु आणि एप्पत्तु. वीस आणि सत्तर. फरक पहिल्या स्वराचा आणि गर्दीत तो ऐकूच येत नाही. वीसची पेंडी समजून तीन पेंड्या पिशवीत टाकल्या आणि मग साठऐवजी दोनशे दहा मोजावे लागले, तर वाद दोघांच्याही दृष्टीने खरा असतो.

दुसरा, ऐनूरु आणि ओंबैनूरु. पाचशे आणि नऊशे. पहिलं अक्षर ट्रॅफिकच्या आवाजात बुडालं की नऊशेचे पाचशे होतात. कपड्यांच्या दुकानात, खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत, हा गोंधळ जास्त, कारण तिथे दोन्ही किमती तितक्याच शक्य असतात.

तिसरा, शेकड्यांचे आखूड रूप. इन्नूरु दोनशे, मुन्नूरु तीनशे, नानूरु चारशे. यातला "नानूरु" घाईत ऐकला की "नूरु" वाटतो. शंभराची नोट पुढे केल्यावर समोरची बाई तशीच हात पुढे धरून थांबली, तर समजावं की चारशे म्हणाली होती.

एंबत्तु-तोंबत्तु हेही जुळे आहेत, पण तिथे फरक दहाचाच.

उलट, कन्नड माणसाला आपले कोणते आकडे चुकतात?

एकोणीसपासूनचे सगळे "एकोण", आणि मग पंचवीस-पंचेचाळीस, त्रेसष्ट-छत्तीस यांसारख्या जोड्या. कन्नडमध्ये दशक आधी आणि एकक नंतर, "इप्पत्तोंदु" म्हणजे वीस-एक. आपल्याकडे एकक आधी येतं, एक-वीस. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" अशी जोडवाचनाची पद्धत दिली तेव्हा मोठा वाद झाला. इथल्या मराठी मुलांना त्या वादाचं फार नवल वाटलं नसावं, कारण घरात एकवीस आणि रस्त्यावर इप्पत्तोंदु ही दोन्ही वळणं त्यांच्या जिभेला लहानपणापासून असतात.

व्यवहारात एक गोष्ट करा. समोरचा कन्नडभाषक असेल तर "एकोणसत्तर" न म्हणता "सत्तरला एक कमी" म्हणा, किंवा बोटांनी दाखवा. त्यात कोणाचाही कमीपणा नाही.

सव्वा, दीड, अडीच कन्नडमध्ये आहेत का?

आहेत, पण आपल्यासारखे वेगळे शब्द सगळीकडे नाहीत. पावाला कालु, पाऊणला मुक्कालु, दीडला ओंदूवरे, अडीचला एरडूवरे, साडेतीनला मूरूवरे. आपण "दीडशे" म्हणतो तिथे ते "नूर ऐवत्तु" म्हणतात. "सव्वाशे", "पावणेदोनशे", "पाऊणशे" हे मात्र ज्यांची मराठीशी रोजची घसट नाही त्यांच्या डोक्यावरून जातात. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर. आमच्या कॉलेजच्या मुलांपैकी कितीतरी जणांना हेही सांगावं लागतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका शब्दात पंचाहत्तर आणि एका शब्दात एकशे पंचवीस सांगण्याची सोय आपल्या भाषेने दिली आहे, ती टाकून "वन ट्वेंटी फाइव्ह" म्हणण्यात कसला फायदा?

आणे बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी "चार आणे, आठ आणे, बारा आणे" का म्हणतात? पाच आणे कोणी म्हणत नाही, ते का?

याचं उत्तर हिशेबात आहे. जुन्या रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पया. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पया. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक आणा बसला सव्वासहा नव्या पैशांना. तो कुठेच नीट बसेना. फक्त तीन ठिकाणी जुना आणि नवा हिशेब तंतोतंत जुळतो : चार आणे म्हणजे २५, आठ आणे म्हणजे ५०, बारा आणे म्हणजे ७५. जे जुळले ते बोलण्यात टिकले. पाच आणे, सात आणे, अकरा आणे व्यवहारातून गेले. "नवा" हा शब्द १ जून १९६४ पासून अधिकृतपणे गळला आणि नुसता पैसा राहिला.

आमच्या भागासाठी तो काळ दुहेरी बदलाचा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. पाच महिन्यांत राज्य बदललं आणि नाणंही बदललं. राज्याबद्दलची वेदना इथल्या मराठी माणसाने कधी लपवली नाही. आण्याबद्दल मात्र दोन्ही भाषांचं एकमत राहिलं. कन्नडमध्येही "नाल्काणे", "एंटाणे" असंच म्हणत राहिले.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. त्यामुळे आज "चार आणे" देता येत नाहीत, पण "चार आण्याची अक्कल" अजून मिळते. ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, दुकानात कोणी घेत नाही हा भाग वेगळा.

चवली, पावली, अधेली यांत नेमकं काय काय?

चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. चवलीतला "चव" पाहून अनेकांना ती चार आण्यांची वाटते, ती नव्हे. ढब्बू पैसा म्हणजे तांब्याचं जाडजूड नाणं, दोन पैशांचं. दिडकी आणि दमडी त्याहून खालच्या. "दीडदमडीचा" हे आजही जिवंत आहे, आणि कंजूष माणसाविषयी "चमडी जाईल पण दमडी जाणार नाही" हेही. कोबी किंवा टोमॅटोचा भाव पडला की शेतकरी "कवडीमोल" म्हणतो, तीही एके काळी खरोखर मोजली जाणारी कवडीच.

आजोबा "सोळा आणे खरं" म्हणतात. हे इथलंच का?

नाही, सगळ्या मराठीत आहे, आणि कन्नडमध्येही "हदिनाराणे" याच अर्थाने येतं. सोळा आणे म्हणजे पूर्ण, काहीही न उरवता. तसाच "बंदा रुपया" : मोड न झालेला, अखंड रुपया, आणि त्यावरून बोलण्याला पक्का माणूस. आमच्या भागात कोणाला बंदा रुपया म्हटलं तर ती मोठी पावती असते. "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला" आणि "लाखाचे बारा हजार" या म्हणी धंद्यात रोज लागतात. दुसरी जास्तच, दुर्दैवाने.

आमच्या जमिनीच्या उताऱ्यावर अजून आणे लिहिलेले आहेत. त्यांचा रुपयाशी संबंध आहे का?

सोळाच्या हिशेबापुरताच. कर्नाटकातल्या उताऱ्यावर, म्हणजे पहाणीपत्रावर, क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं येतं. एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १६ आणे. गुंठा १२१ चौरस यार्डांचा, तेव्हा एक आणा साधारण साडेसात चौरस यार्ड. म्हणजे इथे "आठ आणे" हा शब्द ऐकल्यावर पहिल्यांदा विचारायचं की पैशांचे की जागेचे. अर्धा गुंठा जागा आज शहराच्या कडेला कितीला जाते हे ज्याला माहीत आहे, तो या प्रश्नावर हसणार नाही.

वडिलोपार्जित वाटण्यांतही "चार आणे हिस्सा" म्हणजे पाव हिस्सा. महाराष्ट्रात पिकाची "आणेवारी" काढतात, तिला आता कागदोपत्री पैसेवारी म्हणतात. बोलण्यात आणेवारीच राहिली आहे.

"अडीचला गेली" एवढंच म्हणतात. अडीच काय? हजार की लाख?

हा इथल्या बोलीचा खरा गाभा आहे. परिमाण कोणीच सांगत नाही. ते वस्तूवरून कळायचं असतं.

जुनी मोटरसायकल "साठला" गेली म्हणजे साठ हजार. पगार "तीस" म्हणजे तीस हजार. जागा "गुंठ्याला अडीच" म्हणजे अडीच लाख. घर "पंचेचाळीसला बसलं" म्हणजे पंचेचाळीस लाख. म्हैस "ऐंशीला" म्हणजे ऐंशी हजार. कोथिंबीर "वीसला" म्हणजे वीस रुपये. भाजीत आणखी एक पेच आहे, भाव किलोचा की पावाचा. बायका "पावशेर" म्हणत असल्या तरी तराजूत पाव किलो असतं, आणि महाग भाज्यांचा भाव पावाचाच सांगतात, कारण किलोचा सांगितला तर गिऱ्हाईक पुढे जातं.

दोघांनाही वस्तूची किंमत अंदाजे माहीत असेल तर ही बोली सुरेख चालते, वेळ वाचतो, शेजारच्याला रकमेचा पत्ता लागत नाही. पण एकालाच माहीत असेल तर धोका आहे. जागेच्या, वाहनाच्या आणि लग्नाच्या हॉलच्या बोलण्यात परिमाण तोंडाने वदवून घ्या : "अडीच म्हणजे अडीच लाख ना, अण्णा?" आणि कागदावर अक्षरी लिहून घ्या. मी हा सल्ला प्रत्येकाला देतो आणि देत राहणार.

ऊसवाले "तेहतीसशे, पस्तीसशे" म्हणतात. तीन हजार तीनशे का म्हणत नाहीत?

कारण उसाच्या भावाची भांडणं शंभर-शंभर रुपयांवरच होतात. टनाला शंभर वाढले की कमी झाले, हेच विचारायचं असतं. मराठीत शेकड्याने मोजण्याची जुनी सवय आहे : बाराशे, पंधराशे, पस्तीसशे. शेजारचा कन्नड शेतकरी याच रकमेला "मूरूवरे साविर" म्हणतो, साडेतीन हजार. आकडा एकच.

याबरोबर येणारा शब्द "उचल". कारखाना जो पहिला हप्ता देतो ती पहिली उचल. तोडणीच्या मजुरांनी हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, तीही उचल. एकीत येणं आहे, दुसरीत देणं आहे. संदर्भ न पाहता "उचल मिळाली" ऐकून कोणाचं अभिनंदन करू नका. मजुराच्या बाबतीत ती वर्षभर फेडायची असते.

पेटी आणि खोका बेळगावात चालतात का?

चालतात, पण ते इथले नाहीत. पेटी म्हणजे एक लाख, खोका म्हणजे एक कोटी. हे मुंबईच्या गुन्हेगारी जगाचे शब्द, ते सिनेमा आणि वर्तमानपत्रांतून गावोगाव पोहोचले. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्र विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी "पन्नास खोके, एकदम ओके" ही घोषणा दिल्यावर खोका शब्द सीमेच्या अलीकडेही पोराटोरांच्या तोंडी गेला. आमच्याकडे तो राजकारणाच्या गप्पांत आणि जागेच्या दलालांत ऐकू येतो. घरच्या व्यवहारात कोणी "अर्धी पेटी दे" म्हणत नाही, आणि म्हणू नये. मुलीच्या शिक्षणाच्या पैशांना खंडणीचा शब्द कशाला?

बँकेत "बंडल" आणि बाजारात "बंडल" यांत फरक आहे म्हणतात. खरं का?

खरं, आणि दहापटीचा फरक आहे. बँकेच्या भाषेत १०० नोटांचं पाकीट आणि अशा १० पाकिटांचं बंडल. म्हणजे बंडलात १,००० नोटा. बाजारात १०० नोटांनाच बंडल किंवा गड्डी म्हणतात. पाचशेची "एक गड्डी" म्हणजे ५० हजार. बँकेचं पाचशेचं बंडल म्हणजे ५ लाख.

नोटांना रंगावरून नावं आहेत का? पन्नासची नोट आपल्या राज्याची म्हणतात, ते काय?

पाचशेच्या नोटेला "गांधी" म्हणतात, पण गांधीजी १९९६ पासून आलेल्या मालिकेतल्या सगळ्याच नोटांवर आहेत. दोन हजारची गुलाबी नोट १९ मे २०२३ च्या घोषणेनंतर मागे घेतली गेली, "गुलाबी" शब्दही तिच्याबरोबर ओसरला.

पन्नासचं मात्र खरं आहे. २०१६ नंतरच्या नव्या मालिकेत पन्नासच्या निळ्या नोटेमागे हंपीचा दगडी रथ आहे, आणि वीसच्या नोटेमागे वेरूळची लेणी. म्हणजे वीस महाराष्ट्राचे, पन्नास कर्नाटकाचे. मुलांना सुट्टे मोजायला शिकवताना मी हे नेहमी सांगतो, आणि मुलं नोट उलटून बघतात.

नोटेमागची भाषांची पट्टीही दाखवावी. तिथे १५ भाषा आहेत, इंग्रजी नावांच्या क्रमाने. कन्नड चौथी, कोकणी सहावी, मराठी आठवी. आमच्या गल्लीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या तीनही भाषा एका बोटाच्या रुंदीत आहेत. शंभराच्या नोटेवर "शंभर रुपये" हे आपल्या लिपीत वाचताना पहिलीतल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सुट्टे, मोड, चिल्लर : कुठे काय म्हणायचं?

मराठी दुकानात "मोड हाय का ओ?" चालतं, कन्नड दुकानात "चिल्लर" म्हणा, तो शब्द दोन्हीकडे कळतो. "खुर्दा" जुना, आता वयस्कांपुरता.

दहाच्या नाण्याचा त्रास अजून होतो. एखादा दुकानदार, एखादा रिक्षावाला ते नाकारतो, अमुक रेषांचं चालतं आणि तमुक चालत नाही म्हणतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की तोवर निघालेली दहाच्या नाण्याची चौदाही रूपं चलनात वैध आहेत. शांतपणे हे सांगा. आवाज चढवल्याने कोणी नाणं घेत नाही.

"शेकडा दोननं" पैसे मिळतात म्हणे. दोन टक्के तर स्वस्तच आहे की?

थांबा. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकतो.

सावकारीत "शेकडा दोन" म्हणजे शंभराला दोन रुपये दर महिन्याला. वर्षाचे २४ टक्के. बँकेत टक्का वर्षाचा असतो, गल्लीत महिन्याचा, आणि सांगणारा ते सांगत नाही. "पाचनं" म्हणजे वर्षाला ६० टक्के. "दहानं" म्हणजे १२०, म्हणजे वर्षभरात व्याजच मुद्दलाच्या वर जातं.

कन्नडमध्ये व्याजाला "बड्डी" आणि अशा भयंकर व्याजाला "मीटर बड्डी" म्हणतात. रिक्षाच्या मीटरसारखं ते पळत राहतं. हा शब्द आमच्या मराठीतही सर्रास आहे. त्यात आणखी एक युक्ती असते : पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून घेतात. दहा हजार मागितले, हातात नऊ आले, व्याज मात्र दहावर. हजार रुपये व्याज नऊ हजारांवर भरणं म्हणजे महिन्याला अकरा टक्क्यांच्या वर.

कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म आणि लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश निघाला. दारात येऊन कोणी दमदाटी करत असेल तर पोलीस ठाण्यात जायला लाजू नका. आणि पैसे घेण्याआधी एकच प्रश्न तोंडाने विचारा : "महिन्याचे की वर्षाचे?"

भिशी आणि चीटी एकच का?

साधारण एकच. दहा बायकांनी महिन्याला दोन-दोन हजार काढले की वीस हजारांचा डाव होतो, तो पाळीपाळीने मिळतो. आपण भिशी म्हणतो, कन्नडभाषक चीटी. कंपनी म्हणून चालणारी चिट फंडाची योजना १९८२ च्या कायद्याखाली नोंदलेली असावी लागते, ते पाहूनच शिरा. ओळखीच्या बायकांची भिशी विश्वासावर चालते, म्हणून वही मात्र ठेवाच.

जागेच्या बोलण्यात "संचकार" आला. हा कुठला कर?

कर नव्हे. व्यवहार पक्का करण्यासाठी आधी दिलेली रक्कम. महाराष्ट्रात इसार किंवा विसार म्हणतात, इथल्या कागदांत दोन्ही भाषांत संचकार येतो. तरुण मंडळी "टोकन" म्हणतात. नाव काहीही असो, व्यवहार फिसकटला तर ही रक्कम परत मिळणार का, हे त्याच कागदात लिहिलेलं असलं पाहिजे.

जनावरांच्या बाजारात लोक टॉवेलखाली हात का धरतात?

तो भाव चाललेला असतो. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेल किंवा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट एक, पूर्ण पंजा पाच. शेकडा की हजार हे ठरलेलं असतं किंवा हळूच तोंडाने सांगतात. मान हलते, हात सुटतो, पुन्हा धरला जातो. भोवती उभ्या वीस माणसांना बैलाचा भाव कळत नाही. या रीतीचं मला फार कौतुक आहे. इथे मराठी आणि कन्नड माणसाला एकमेकांचा आकडा कानाने ओळखावाच लागत नाही.

आहेरात किती घालायचे? शंभर की एकशे एक?

एकशे एक. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. वरचा एक असलाच पाहिजे, शून्यावर आहेर थांबवत नाहीत. पूजेच्या ताटातला सव्वा रुपयाही याच घरचा. पाकिटांवर एक रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं मिळतं, त्यामुळे अडचण राहिलेली नाही.

चिरीमिरी, चहापाणी, मामूल : यांत फरक काय?

काही नाही. तिन्ही लाचच आहेत. "मामूल" कर्नाटकात जास्त चालतो, म्हणजे नेहमीचं, ठरलेलं. सौम्य शब्द वापरल्याने देणाऱ्यालाही ते चुकीचं वाटेनासं होतं, म्हणून मी तरी सरळ लाच म्हणतो.

बायका "दोन हजार आले का, दीड हजार आले का" असं विचारतात. हे कशाचं?

सीमेवरच्या घरांतला हा नवा प्रश्न आहे. "दोन हजार" म्हणजे कर्नाटकाची गृहलक्ष्मी, ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेली, कुटुंबप्रमुख स्त्रीला महिन्याला २,००० रुपये. "दीड हजार" म्हणजे महाराष्ट्राची लाडकी बहीण, २०२४ पासून. बेळगावची सासू आणि चंदगडची लेक फोनवर हेच बोलत असतात. रकमाच नावं झाल्या आहेत. बसचंही तसंच : जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये राज्यातल्या बायकांना शून्याचं तिकीट, आणि महाराष्ट्राच्या एसटीत त्याच वर्षीच्या मार्चपासून "अर्धं".

आकडा कळला नाही तर पुन्हा कसं विचारू? समोरच्याला राग येईल का?

येत नाही. नीट हाक मारून विचारा. मराठी भाजीवालीला "मावशी", कन्नड असेल तर "अक्का", वयस्क दुकानदाराला "मामा" किंवा "काका", बरोबरीच्या किंवा थोरल्याला "अण्णा". मराठीत "किती म्हणालात ओ?", कन्नडमध्ये "एष्ट्री?" यातला "री" सोडू नका, तोच आदराचा. नुसतं "एष्टु" उद्धट वाटतं. तरीही संशय राहिला तर नोट हातात धरून दाखवा आणि विचारा, "ह्यातून किती परत?" उत्तरात आकडा आपोआप उलगडतो.

आता तर सगळे स्कॅन करतात. मग हे शब्द शिकून करायचं काय?

स्कॅन करताना आकडा तुम्हीच टाकता, आणि तो आधी कानाने ऐकावा लागतो. दुकानातलं बोलकं यंत्र पैसे जमा झाल्यावर रक्कम सांगतं, कुठे कन्नडमध्ये, कुठे हिंदीत. सत्तरच्या जागी वीस टाकलेत तर ते "वीस" असंच बोलेल, आणि मावशी पिशवी परत मागतील.